शिडीत धातू कुठं हवा आणि कुठं नको

घडीची धातूची शिडी पारखताना बहुतेक लोक पुढचा उभा दांडा चाचपतात. दांडा जाड लागला की शिडी दणकट, असा सरळ हिशोब असतो. बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. मग पुढचा दांडा दोन मिलिमीटरचा घ्यायचा आणि मागची चौकट, तळाचे कोपरे, स्प्रेडरचे (पुढची-मागची चौकट जोडणाऱ्या घडीच्या पट्ट्यांचे) सांधे यांत हात आखडता घ्यायचा. माझं मत नेमकं उलट आहे. दांड्यातला निम्माअर्धा जादा धातू काढून तो चार-पाच ठरावीक जागी तिरका बसवला, तर शिडी हलकीही होते आणि डुलायचीही थांबते.

आधी आकडे बघू. जमिनीपासून बिजागरीपर्यंत १.८ मीटर उंची, खाली पुढच्या-मागच्या पायांत १.१ मीटर अंतर आणि माथ्यावर १००० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो भार. फरशी गुळगुळीत, घर्षण शून्य धरू. पुढच्या-मागच्या दोन्ही चौकटींवर ५०० न्यूटन येतात. स्प्रेडर ०.९ मीटर उंचीवर असेल तर त्यात एकूण ताण येतो सुमारे ३०५ न्यूटन, म्हणजे एका बाजूच्या स्प्रेडरला जेमतेम दीडशे. एवढ्याला जाडजूड पट्टी लागतच नाही. दांड्यावर स्प्रेडरच्या जागी वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) येतो साधारण ६९ न्यूटन-मीटर. दांडा ६० × २५ मिमीचा, १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम चॅनेल (एक बाजू उघडी असलेला यू आकाराचा दांडा) असेल, तर पुढं-मागं वाकताना त्यात ताण येतो फक्त २४ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिमीला २४ न्यूटन. ६०६१-टी६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू किमान २४० मेगापास्कलपर्यंत टिकतो. चौपट सुरक्षा धरली, वर शिड्यांच्या युरोपीय ईएन १३१ मानकातला १५० किलोचा भार धरला, तरीही जागा उरते.

आता तोच चॅनेल आडव्या दिशेने बघा. पुढं-मागं त्याचा सेक्शन मॉड्युलस (आकारामुळं वाकायला होणाऱ्या विरोधाचं माप) सुमारे २९०० घन मिमी आहे, डावी-उजवीकडे फक्त ५००. जवळपास सहापट फरक! खालच्या पायरीच्या खाली दांड्याचा जो साधारण ३०० मिमी तुकडा मोकळा असतो, त्याच्या टोकाला ५०० न्यूटनचा आडवा दणका बसला (शिडी टेम्पोतून उतरवताना किंवा वर उभं राहून ती ‘चालवत’ सरकवताना असे दणके सहज बसतात), तर मोमेंट होतो १५० न्यूटन-मीटर आणि ताण ३०० मेगापास्कलच्या आसपास. पाय फाकला. शिडीचे पाय तळाशीच वाकलेले का दिसतात, त्याचं उत्तर इथं आहे.

उपाय म्हणून दांड्याची जाडी दीडपट केली तर वजनही दांड्याच्या संपूर्ण लांबीभर दीडपट होतं. त्याऐवजी खालच्या पायरीखाली दोन्ही बाजूंना तिरका टेकू द्या. पायरीच्या तळापासून दीडशे मिमी खाली दांड्यावर एक टोक, दुसरं टोक पायरीवर आत तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ४५ अंश. मोकळी लांबी ३०० वरून १५० झाली, मोमेंट अर्धा, ताणही अर्धा: दीडशे मेगापास्कलच्या आत. असे दोन टेकू पुढं आणि दोन मागच्या चौकटीच्या सगळ्यात खालच्या आडव्या दांडीला, एवढ्यात काम होतं. चारही टेकू मिळून वजन काही शे ग्रॅम. कोन ३० ते ६० अंशांत कुठेही चालतो, त्यापलीकडे टेकू नुसता शोभेचा राहतो. एक काळजी मात्र हवी. टेकूचं वरचं टोक पायरीच्या पातळ सपाट पत्र्याला ठोकू नका. तिथं पत्रा पिचकतो, रिव्हेट हळूहळू ओढून बाहेर येतो. पायरीची पुढची आणि मागची दुमडलेली किनार असते, टेकू तिथं बांधायचा.

टेकू कशाचा करायचा, यावरून वाद घालणारे बहुधा फक्त वजन मोजतात. स्टीलची २० × ३ मिमी सपाट पट्टी, ४०० मिमी लांब, दोन्ही टोकं पिनवर, अशी घेतली तर दाबाखाली ती सुमारे ५५५ न्यूटनलाच बाजूला बाक घेते. तिच्याच वजनाच्या जवळपास, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि १.२ मिमी जाडीचा पाइप घेतला तर बकलिंगचा, म्हणजे बाक येण्याचा, भार चौतीसपट होतो. इतका, की बाक येण्याआधी स्टीलच दबून जाईल. हाच पाइप ॲल्युमिनियमचा केला तरी साडेसहा किलोन्यूटन मिळतात आणि वजन १७५ ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर येतं. पाइप नको असेल तर १.२ मिमी पत्र्याची यू आकाराची पट्टी करा: तळ २० मिमी रुंद, दोन्ही कडा ८ मिमी दुमडलेल्या. सपाट पट्टीच्या दोन-तृतीयांश धातूत तिच्या पाचपट ताठरपणा येतो. तीन मिलिमीटरची सपाट पट्टी अजूनही वापरात आहे ती फक्त कापायला सोपी म्हणून. दुसरं एकही तांत्रिक कारण मला दिसत नाही.

पाइपची खोट म्हणजे चपटी केलेली टोकं. टोक एका बाजूला चेपलं की भार पाइपच्या मध्यरेषेतून जात नाही, आठ मिमी बाजूला पडतो. २००० न्यूटन भाराला त्यामुळं १६ न्यूटन-मीटर जादा मोमेंट येतो आणि पाइपमध्ये ८० मेगापास्कलहून जास्त ताण वाढतो. म्हणून टोक मध्यावर चेपा, उतार पाइपच्या व्यासाच्या दीडपट लांबीत हळूहळू येऊ द्या, आणि वेल्डची शिवण असेल तर ती चपट्या बाजूवर ठेवा. शिवण दुमडीच्या कडेला आली की तिथूनच चीर जाते.

मागची चौकट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिथं कुणी चढत नाही, म्हणून दोन-तीन आडव्या दांड्या टाकून मोकळे होतात. पण शिडी डावी-उजवीकडे डुलते ती मुख्यतः याच चौकटीमुळं. आडव्या दांड्यांतलं अंतर ३०० ऐवजी ६०० मिमी केलं, तर तेवढ्याच उंचीत बाजूचा झोल चौपट होतो, तोही सांधे अगदी घट्ट आहेत असं धरून. आडवी दांडी सांध्याच्या ताठरपणावर जगते, तिरकी दांडी सांधा पिनसारखा सैल असला तरी काम करते. म्हणून मागच्या चौकटीत आणखी एक आडवी दांडी वाढवण्यापेक्षा सगळ्यात खालच्या मोठ्या खणात एक तिरका पाइप घाला. वरचे खण अरुंद असतात, तिथं गरज नसते. सपाट पट्ट्यांचा एक्स केला तर एका वेळी एकच पट्टी ताण घेते, दुसरी ढिली पडून खडखडते. त्यापेक्षा दाबही सोसणारा एकच पाइप हलका पडतो. तो मागच्या पायांच्या जाडीतच बसायला हवा. पुढं आला तर घडी करताना पायरीवर आपटतो आणि शिडी पूर्ण मिटत नाही.

आता पीळ. शिडीवर उभं राहून छताला ड्रिल दाबलं किंवा बाजूला वळून स्क्रू पिळला, की पुढची चौकट एकीकडे आणि मागची दुसरीकडे सरकते. दोन बाजूंचे दोन स्प्रेडर हे थांबवतील असं वाटतं, पण वरून बघितलं तर दोन स्प्रेडर आणि दोन आडव्या दांड्या मिळून एक आयत होतो आणि पिनवरचा आयत तिरपा व्हायला कुणाची परवानगी मागत नाही. त्याला कर्ण हवा, किंवा आख्खा पत्रा हवा. मधला घडीचा ट्रे हाच तो पत्रा होऊ शकतो! ०.८ मिमी पत्र्यावर दोन-तीन पन्हळी दाबून चारही कोपरे घट्ट अडकवले, तर वेगळं वजन न वाढवता पीळ कमालीचा कमी होतो. बाजारातल्या बऱ्याच ट्रेंचे हूक मात्र दोन-तीन मिमी सैल असतात. त्या ट्रेवर रंगाचा डबा ठेवता येतो, बाकी काही नाही.

बंद पोकळ दांडा वापरला तर पिळाला मोठा फरक पडतो. वर सांगितलेला चॅनेल चौथी बाजू जोडून बंद केला, तर दीडपट धातूत नुसत्या दांड्याचा पीळ-ताठरपणा पाचशेपटीहून जास्त होतो. पायऱ्या जोडल्यावर प्रत्यक्ष शिडीत एवढा फरक दिसत नाही, कारण चौकट स्वतःही पीळ रोखते. शिवाय बंद दांड्यात साध्या रिव्हेटच्या मागच्या बाजूपर्यंत हत्यार पोहोचत नाही. उघडा चॅनेल इतका का चालतो, त्याचं एक कारण हे. मी दोन्हींची भेसळ करेन: पुढं चॅनेल, मागं पाइप.

स्प्रेडरची जागा ठरवताना एक ओढाताण असते. तो खाली घेतला तर त्यातला ताण आणि दांड्यावरचा मोमेंट दोन्ही कमी होतात. ०.३ मीटरवर घेतल्यास वरच्या उदाहरणात ताण १८३ न्यूटन उरतो, १.३५ मीटरवर तो ६११ होतो. पण फार खाली घेतला की स्प्रेडरचे दोन हात (त्याच्या दोन पट्ट्या) लांब होतात, पायात येतात, घडीत मावत नाहीत. एक-तृतीयांश ते निम्मी उंची ठीक. घडी नीट बसायला साधा नियम आहे: दोन हातांच्या लांबीतला फरक आणि पुढच्या-मागच्या पिनांच्या बिजागरीपासूनच्या अंतरातला फरक सारखा हवा. हात सारखे तर दोन्ही पिना बिजागरीपासून सारख्याच अंतरावर. पुढचा हात ४० मिमी मोठा केला तर पुढची पिनही ४० मिमी खाली. हे चुकलं की घडी करताना हात वाकतो, मालक जोर लावून मिटवतो, आणि महिनाभरात पिन ढिली.

उघडल्यावर मधला सांधा सरळ रेषेच्या तीन ते पाच मिमी खाली जाऊन टेकला पाहिजे. मग दाब आला तरी तो आणखी खाली ढकलला जातो आणि अटकावावर बसतो, वर उसळत नाही. अटकाव म्हणजे हाताच्या पत्र्याचीच दुमडलेली जीभ. ती अरुंद ठेवली की वाकते आणि स्प्रेडर दरवेळी थोडा जास्त खाली लटकतो. शक्य असेल तर जीभ हाताच्या पूर्ण रुंदीची घ्या. डावा आणि उजवा स्प्रेडर एकाच जिगवर (छिद्रांच्या जागा ठरवणाऱ्या साच्यावर) छिद्रं पाडून करा. निम्म्या उंचीवर एक मिमीचा फरक पायाशी दोन मिमी होतो, आणि शिडी कायमची पिळलेली उभी राहते.

सगळं नीट करूनही शिडी बिघडते ती रिव्हेटवर. पायरीच्या टोकाला ४० न्यूटन-मीटर मोमेंट आला आणि दोन रिव्हेट २५ मिमी अंतरावर असले, तर प्रत्येकावर १६०० न्यूटन येतात. ४.८ मिमी रिव्हेट, १.२ मिमी भिंत, म्हणजे छिद्राच्या कडेवर २७८ मेगापास्कल. काही दिवसांत छिद्र लांबट होतं आणि सांधा कुरकुरायला लागतो. तेच रिव्हेट ५० मिमी अंतरावर नेले तर दाब निम्मा, वजन शून्य ग्रॅमनं वाढलं. छिद्राचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या दोन व्यास आत, दोन रिव्हेटांत किमान तीन व्यास अंतर. ४.८ च्या रिव्हेटला छिद्र ४.९ मिमी, ‘बसतोय ना’ म्हणून ५.५ चा ड्रिल फिरवायचा नाही. भिंत पातळ असेल तर फक्त सांध्यापुरता आतून दोन मिमीचा तुकडा द्या, अख्खा दांडा जाड करण्याची गरज नाही.

ॲल्युमिनियमला टेकू वेल्ड करण्याच्या मी विरोधात आहे. ६०६१-टी६ मध्ये वेल्डपासून साधारण २५ मिमीच्या पट्ट्यात ताकद निम्म्यावर येते, आणि टेकू आपण नेमका सगळ्यात जास्त मोमेंटच्या जागी लावत असतो. तिथं रिव्हेटच बरा. पातळ स्टीलच्या पाइपला वेल्डिंग चालतं, पण आधी चारही सांधे टॅक करून (ठिपक्यापुरते वेल्ड करून), कर्ण मोजून मगच पूर्ण वेल्ड, नाहीतर चौकट ओढली जाते. ॲल्युमिनियमवर स्टीलचा टेकू असेल तर मध्ये प्लास्टिकचा वॉशर हवा, ओल लागली की ॲल्युमिनियम पोखरलं जातं.

कुणी म्हणेल, शिडी इतकी ताठ केली तर उंचसखल फरशीवर तीनच पायांवर उभी राहील. बरोबर आहे. मऊ शिडी पिळून चारही पाय टेकवते आणि म्हणून ‘बसते छान’ असं वाटतं. पण तो बसलेला चौथा पाय त्याच्या वाट्याचा पूर्ण भार घेत नसतो. उंचसखलपणाचा इलाज शिडीच्या पायांखालच्या बुटात करावा, चौकटीत नाही.

घरच्या घरी तुलना करायची असेल तर चारही पाय फळीला बांधा, माथ्यावर ४०० मिमी बाहेर येणारी पट्टी आवळा आणि तिच्या टोकाला स्प्रिंग बॅलन्सनं दहा किलोइतकी आडवी ओढ द्या. माथा किती मिमी फिरला ते लिहा, ओढ सोडल्यावर किती परत आला नाही तेही लिहा. मग क्लॅम्पनं एकेक टेकू तात्पुरता लावून तेच मोजा आणि प्रत्येक शंभर ग्रॅमला किती मिमी झोल कमी झाला ते काढा. तळाचे टेकू मात्र या चाचणीत फारसे दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी शिडी एका कुशीवर आडवी पाडून खालच्या पायरीच्या जरा वर बाकाला बांधायची आणि पायाच्या टोकाला वजन टांगायचं.