डोळ्यातल्या द्रवाच्या तपासणीबद्दल खुलासा

कोथरूड, सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘मॅक्युलर डिजनरेशनची इंजेक्शनं थांबवा, आधी अश्रूंची तपासणी करा.’ मॅक्युलर डिजनरेशन म्हणजे वयोमानाने दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा) मधला भाग खराब होण्याचा आजार. हा मेसेज चुकीचा आहे. दृष्टिपटलाचे रुग्ण मी रोज तपासते, म्हणून स्पष्ट सांगते.

डोळ्यातल्या द्रवाच्या तपासणीवर संशोधन होतंय, हे खरं आहे. पण त्यात अश्रू नव्हे, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातला द्रव बारीक सुईने काढतात आणि व्हीईजीएफसारखी (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी) प्रथिनं मोजतात. कोणाला किती इंजेक्शनं लागतील, याचा त्यावरून अंदाज बांधता यावा हा हेतू. नेहमीच्या उपचारात मात्र निर्णय अजूनही ओसीटी स्कॅन (प्रकाशाने घेतलेलं दृष्टिपटलाच्या थरांचं चित्र) आणि नजरेच्या तपासणीवरच होतो.

या आजाराच्या ‘वेट’ प्रकारात दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळतात. त्यात इंजेक्शन लांबलं तर दृष्टिपटलाखाली रक्तस्राव होऊन व्रण राहू शकतो. व्रणामुळे गेलेली नजर सहसा परत येत नाही. मला खरी काळजी याचीच वाटते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आजी-आजोबांची इंजेक्शनची तारीख चुकवू नका.