केक्कोनेनवर आरोप करायचाच तर बरोबर आरोप करा

एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला तेव्हापासून एक मजकूर फिरतोय, आणि युक्रेनचा विषय निघाला की कुणीतरी तो हमखास चिकटवतंच. सारांश असा: "फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष ऊर्हो केक्कोनेन कम्युनिस्ट होता, रशियाने त्याला खुर्चीवर बसवला, २६ वर्षं त्याने निवडणुकाच होऊ दिल्या नाहीत, मॉस्कोला एकदाही नाही म्हणाला नाही, आणि त्या काळात फिनलंड नावापुरताच स्वतंत्र होता." वाचायला झकास वाटतं. प्रॉब्लेम एवढाच की ह्या माणसावर करण्यासारखा जो खरा आरोप आहे तो ह्यात कुठेच नाही.

कम्युनिस्ट वाला मुद्दा आधी उडवून टाकू, तो सगळ्यात पोकळ आहे. १९०० सालचा जन्म, पिएलावेसी नावाच्या गावाकडचा, बाप लाकूडतोडीच्या कामावर मुकादम. (ज्या खोपटात जन्मला त्याचा फोटो पुढे छापताना धुराडंच पुसून टाकलं होतं, घर अजून गरिबाचं दिसावं म्हणून! इमेजचं भान तेव्हापासूनच.) १९१८ च्या यादवीत सतरा वर्षांचा पोरगा हा, लढला तो पांढऱ्यांच्या बाजूने, म्हणजे समाजवादी लालवाल्यांच्या विरुद्ध. मग सुरक्षा पोलिसात नोकरी, तिथे कम्युनिस्टांच्या चौकश्या करणं हेच काम. मध्येच १९२४ ला उंच उडीत राष्ट्रीय चॅम्पियन पण झाला. राजकारणात आला तो शेतकऱ्यांच्या पक्षातून, आणि १९४० च्या मार्चमध्ये सोव्हिएत रशियाशी चाललेलं हिवाळी युद्ध थांबवायचा तह समोर आला तेव्हा हा गडी तहाच्या विरोधात होता, लढत राहा म्हणत होता! त्याचं मत फिरलं ते जर्मनी हरणार हे दिसायला लागल्यावर. डिसेंबर १९४३ मध्ये स्टॉकहोमला भाषण करून त्याने सांगितलं की फिनलंडला शेजारी बदलता येणार नाही, तर त्याच्याशी जमवून घ्यावं लागेल. संधीसाधू म्हणा हवं तर, मी अडवणार नाही, पण कम्युनिस्ट कुठून आला त्यात?

आता "रशियाने बसवला." तेव्हा फिनलंडमध्ये लोक ३०० प्रतिनिधी निवडायचे आणि ते प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष निवडायचे. १९५६ ला तिसऱ्या फेरीत केक्कोनेनला १५१ मतं पडली आणि सोशल डेमोक्रॅट फागरहोल्मला १४९. दोन मतांचा फरक, एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर टाय. मॉस्कोला केक्कोनेन आवडायचा हे खरं, कम्युनिस्टांची मतं शेवटच्या फेरीत त्याला मिळाली हेही खरं, पण ज्याला शेजारची महासत्ता थेट "बसवते" तो दोन मतांनी घाम गाळत निवडून येत नाही, त्याच काळात पूर्व युरोपात निवडणुका कशा व्हायच्या ते आठवून बघा.

निवडणुकांबद्दल तर फॉरवर्ड सरळसरळ खोटं बोलतो. १९५६, १९६२, १९६८, १९७८ अशा चार वेळा तो निवडून आला. संसदेच्या निवडणुका होत राहिल्या, पक्ष होते, विरोधक होते, वेन्नामोसारखा नेता तर त्याच्यावर उघड तुटून पडायचा. एकच ठिकाण आहे जिथे निवडणूक खरंच गिळली गेली, १९७४ ची. जानेवारी १९७३ मध्ये संसदेने खास कायदा करून त्याची मुदत चार वर्षांनी वाढवली, १७० विरुद्ध २८. कारण म्हणजे युरोपच्या सामायिक बाजाराशी व्यापार करार करायचा होता, रशिया नाराज होईल ही भीती होती, आणि केक्कोनेन खुर्चीत असला तर मॉस्को गप्प बसेल असा हिशोब. उजव्या पक्षातल्या कित्येकांनी पण हात वर केले त्यासाठी, नाहीतर पाच षष्ठांश बहुमत जमलंच नसतं. मला हा प्रकार लाजिरवाणा वाटतो, पण तो हुकूमशहाने बंदूक दाखवून केला नाही, निवडून आलेल्या लोकांनी स्वतःच करून दिला, आणि माझ्या मते ते जास्त वाईट.

"एकदाही नाही म्हणाला नाही"? १९४८ चा मैत्री करार करायला जी मंडळी मॉस्कोला गेली त्यात तो होता, आणि त्या करारात फिनलंडने फक्त स्वतःच्या जमिनीवर, स्वतःवर किंवा आपल्या भूमीतून रशियावर हल्ला झाला तरच लढायचं असं ठरलं. सोव्हिएत गोटाच्या लष्करी युतीत, वॉर्सा करारात, फिनलंड कधीच गेला नाही. १९६१ मध्ये पश्चिमेकडच्या मुक्त व्यापार संघटनेशी, एफ्टाशी, सहयोगी म्हणून जोडला गेला, आणि त्याआधी केक्कोनेनच्या साठीला सोव्हिएत नेता क्रुश्चेव्ह ताम्मिनिएमीला, म्हणजे केक्कोनेनच्या निवासस्थानी, आला होता तेव्हा पहाटेपर्यंत सौनात (वाफेच्या न्हाणीघरात) बसून त्याला ह्यासाठी पटवल्याचा किस्सा फिनलंडमध्ये अजून सांगतात. १९७८ ला सोव्हिएत संरक्षणमंत्री उस्तिनोव्हने संयुक्त लष्करी सरावाची कल्पना पुढे केली, ती फिनलंडने मान्य केली नाही. गुळमुळीत, हसत हसत दिलेले नकार होते हे, पण नकारच ना. उलट बाजूही सांगतो, रशियातून सीमा ओलांडून पळून आलेल्यांना परत पाठवलं जायचं आणि पेपरवाले मॉस्कोबद्दल लिहिताना स्वतःच जीभ चावायचे. नावापुरतं स्वातंत्र्य म्हणणं चूक, पूर्ण मोकळं म्हणणंही चूक.

तर मग खरा आरोप काय? तो बघायला १९६१ च्या शरद ऋतूत जावं लागतं. पुढच्या निवडणुकीत केक्कोनेनला पाडायला सोशल डेमोक्रॅट, कंझर्व्हेटिव्ह वगैरे सगळे एकत्र येऊन ओलावी होन्का नावाच्या कायदेपंडिताला उभा करत होते, आणि जमत होतं बऱ्यापैकी. ३० ऑक्टोबरला मॉस्कोहून पत्र आलं, जर्मनीकडून धोका आहे तेव्हा १९४८ च्या करारानुसार लष्करी सल्लामसलत करू या. केक्कोनेन तेव्हा अमेरिका दौऱ्यावर, हवाईत! तिथे न घाबरता कार्यक्रम आटोपून परतला, संसद बरखास्त करून मुदतीआधी निवडणूक लावली, आणि २४ नोव्हेंबरला थेट सैबेरियात नोवोसिबिर्स्कला जाऊन क्रुश्चेव्हला भेटला. सल्लामसलत टळली. आणि त्याच दिवशी होन्काने उमेदवारी मागे घेतली. जवळपास तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, केक्कोनेन ३०० पैकी १९९ मतांनी निवडून आला. ते पत्र त्यानेच मागवलं होतं का ह्यावर तिथले इतिहासकार आजही भांडतात, आणि पुरावा नसताना मी तसं म्हणणार नाही. पण फायदा कोणाला झाला ते शेंबडं पोरही सांगेल.

त्यानंतर फिनलंडच्या राजकारणात एक सवयच लागली. कुणाला मंत्री करायचं, कोणता पक्ष सरकारात चालेल, सगळ्याला एकच कसोटी, मॉस्कोला चालेल का, आणि ते चालेल की नाही हे सांगणारा माणूस एकच, ताम्मिनिएमीत बसलेला. कंझर्व्हेटिव्ह पक्ष १९६६ पासून पुढची दोन दशकं सरकारबाहेर राहिला, निवडणुकीत मतं चांगली मिळूनसुद्धा. म्हणजे रशियाने केक्कोनेनला वापरलं असेल ते असेल, पण केक्कोनेनने रशियाला स्वतःच्या विरोधकांवर किती वापरलं हा प्रश्न त्या फॉरवर्डमध्ये यायला हवा होता. बाहुलं म्हटलं की तो सुटतोच की, बिचारा काय करणार, दोरी दुसऱ्याच्या हातात!

फिनिश लोकांना हे कळत होतं. १९८१ च्या वसंतात म्हाताऱ्या केक्कोनेनने पंतप्रधान मौनो कोइविस्तोला राजीनामा दे असं सुचवलं तेव्हा कोइविस्तोने ऐकलं नाही, सरकार संसदेच्या विश्वासावर चालतं म्हणाला आणि बसून राहिला. काही महिन्यांत केक्कोनेन आजारपणामुळे पायउतार झाला, आणि जानेवारी १९८२ मध्ये तोच कोइविस्तो राष्ट्राध्यक्ष झाला. मग एकेक करून खिळे काढले: सलग दोनच मुदतींची मर्यादा आली, १९९४ पासून थेट लोकांमधून निवडणूक, आणि २००० च्या नव्या राज्यघटनेत सरकार बनवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडून काढून संसदेकडे दिला.