‘खाणींनी गोव्याला तलाव दिले’ म्हणे!

‘खाणींबद्दलची पाच सत्यं, जी पर्यावरणवाले तुम्हाला सांगणार नाहीत’ या मथळ्याचा मेसेज सध्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या ग्रुपांपासून मुंबई-दुबईतल्या गोंयकारांपर्यंत सगळीकडे फिरतोय. घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी तो ‘हे वाच, डोळे उघडतील’ अशा शेऱ्यासह पाठवला, तेव्हा उत्तर लिहिणं भाग पडलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लोहखनिजाच्या खाणींचे खंदक म्हणजे फुकटात मिळालेले जलाशय, डंपवर (खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगावर) झाडं लावली की डोंगर पुन्हा उभा राहतो, खाणींवरून पावसात वाहून येणाऱ्या लाल पाण्यात नुसतं लोह असतं आणि लोह चांगलंच असतं, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तरी शेतं सुधारली नाहीत, म्हणजे दोष खाणींचा नव्हताच, आणि खंदक बुजवा म्हणणाऱ्यांनी एवढी माती कुठून आणायची ते सांगावं.

तलावाचा मुद्दा सगळ्यांत जास्त अंगठे मिळवणारा आणि सगळ्यांत चुकीचा. आधी तोच घेऊ.

खाणपट्ट्यात वरून खाली गेलं की साधारण असे थर लागतात. वर जांभा, काही ठिकाणी वीस-तीस मीटर जाडीचा. त्याखाली ढेकळांचं खनिज आणि गुलाबी-पिवळी चिकणमाती. त्याच्याही खाली हातात घेतलं तर पूड होईल असं भुसभुशीत खनिज. या भुसभुशीत खनिजाच्या कणांमध्ये पोकळ्या भरपूर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाणी सहजी न सोडणारी माती. त्यामुळे खाणपट्ट्यातला महत्त्वाचा जलधर, म्हणजे भूजल साठवणारा थर, हाच. म्हणजे खाणवाल्याला जो थर हवा असतो, नेमका तोच थर पायथ्याच्या विहिरींना पाणी पुरवत असतो.

गोव्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा) जांभा त्यातला बराच पाऊस माठासारखा धरून ठेवतो आणि उतारावरच्या झरींतून हळूहळू सोडतो. वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती आणि कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, उभ्या आहेत त्या या झरींवर. खाण सुरू होते तेव्हा आधी हा जांभा निघतो, म्हणजे साठवणच जाते. मग खंदक भूजलपातळीच्या खाली उतरला की तळ कोरडा ठेवायला पंप लावावे लागतात. पाणी खेचलं जातं तशी आजूबाजूची भूजलपातळी खंदकाकडे कलते. जवळच्या विहिरी आधी आटतात, मग लांबच्या. मे महिन्यात खाणीतून ओढ्यात धो धो पाणी सोडलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, बघा, खाणीला किती पाणी! ते पाणी खालच्या वाड्यावरच्या विहिरीचं असतं. डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या विहिरींचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं ते याच कारणाने.

काम थांबलं, पंप बंद झाले की खंदक भरू लागतो आणि भूजलपातळीला येऊन थांबतो. मेसेजमधल्या फोटोतला निळा-हिरवा ‘तलाव’ तो हाच. त्यात नवीन पाणी फारसं नाही. जमिनीखाली झाकलेलं होतं ते उघडं पडलं, एवढंच. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, डोंगरातली भूजलपातळी मात्र उताराबरोबर वर चढत जाते. त्यामुळे खंदकाच्या चढाकडच्या बाजूचं पाणी त्यात उतरत राहतं आणि तिकडच्या झरी खाण बंद झाल्यावरही पूर्वीसारख्या वाहत नाहीत. वर बाष्पीभवन. समजा दहा हेक्टरचा खंदक आहे आणि पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत त्यातून एक मीटर पाणी उडून जातं. झालं दहा कोटी लिटर. माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर हे दोन हजार माणसांचं वर्षभराचं पाणी. बाष्पीभवन धरणातूनही होतं, मान्य. पण धरणात वाहून जाणारं पाणी अडवलेलं असतं. इथे सुरक्षित साठ्याचं झाकण काढून तो उन्हात ठेवलाय.

अर्धसत्य मान्य करायलाच हवं: टंचाईत काही खंदकांचं पाणी उपसून वापरता येतं, आणि जे खंदक आता आहेतच त्यांचा उपयोग करू नये असं कोणी म्हणत नाही. पण त्याआधी पाण्यातलं लोह, मँगनीज आणि गढूळपणा तपासावा लागतो, आणि किती उपसा केला तर शेजारच्या विहिरी खाली जातात ते पाहावं लागतं. काठांच्या पायऱ्या (खणताना सोडलेले टप्पे) टिकाऊ आहेत का हे तर सगळ्यात आधी. उंचावर असलेला, एका बाजूने फक्त मातीचा काठ उरलेला भरला खंदक हा खालच्या गावाला धोका आहे. जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे खाणीत साठलेलं पाणी काठ फोडून सुटलं आणि चिखलाचा लोंढा खालच्या बागायतीत आणि घरांत शिरला. त्याला जलाशय म्हणायचं तर सांडवा कुठे होता, तेही सांगा.

आता डंप. एक टन खनिजामागे गोव्यात अडीच ते तीन टन माती-दगड काढावे लागतात. डंपरने ओतलेला ढीग स्वतःहून साधारण ३५ ते ३८ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. स्थिरावतो म्हणजे जेमतेम उभा राहतो. पहिल्या मोठ्या पावसात त्यावर घळी पडतात. केंद्र सरकार खाणींना जी पर्यावरण मंजुरीची पत्रं देतं, त्यांतल्या नेहमीच्या अटी वाचा. डंपचा एकूण उतार २८ अंशांच्या आत हवा. पायथ्याशी भिंत आणि सभोवती चर हवा. चर आणि गाळाचं तळं अचानक येणाऱ्या सर्वात मोठ्या पावसापेक्षा ५० टक्के जास्त क्षमतेचं हवं, आणि तळ्यात गाळ बसण्याइतका वेळ पाणी थांबायला हवं. डंप जर डोंगरासारखा निरुपद्रवी असता तर एवढ्या अटी कशाला?

या अटी कागदावर चांगल्या आहेत. मोडतात त्या आकारमानात. दहा हेक्टरच्या उघड्या डंपवर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस (जुलैमध्ये हे काही नवल नाही) म्हणजे दहा हजार घनमीटर पाणी. त्यातलं साठ टक्के वाहिलं तरी सहा हजार. आणि खाली तळं असतं पन्नास बाय वीस मीटरचं, दोन मीटर खोल: दोन हजार घनमीटर, तेही अर्धं गेल्या पावसाच्या गाळाने भरलेलं. शिवाय एक मीटर खोल स्थिर पाण्यात दहा मायक्रॉनचा कण तळाला जायला तीनेक तास लागतात, पण दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवस. वाळू तळ्यात राहते, लाल चिकणमाती सरळ ओढ्यात जाते. म्हणून एकामागे एक अशी तळी लागतात, त्यांचा गाळ मे अखेरपर्यंत उपसावा लागतो, आणि मुख्य म्हणजे डंपवरच काथ्याची जाळी आणि वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत लावून माती जागेवर धरावी लागते. मेसेजमधली झाडं बहुतेक ऑस्ट्रेलियन अकेशियाची आहेत. ती पटकन वाढतात, फोटोत हिरवी दिसतात. पण खाली गवत-झुडपं नसतील तर थेंबांचा मारा आणि घळी थांबत नाहीत. वरची सुपीक माती सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवलेली असेल आणि ती डंपवर परत पसरली असेल तर जंगलाची गोष्ट करा.

लोह चांगलं असतं हा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. लाल पाण्यातलं लोह हे न विरघळणारं ऑक्साइड आहे. ते पिऊन कोणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. शेतात ही बारीक माती बसली आणि वाळली की तिचा कडक पापुद्रा होतो, पाणी-हवा खाली जात नाही. पाणी साचलेल्या भातखाचरात ऑक्सिजन संपला की तेच लोह विरघळणाऱ्या रूपात येतं, मुळांवर तांबडा थर चढतो, खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात आणि फुटवे कमी होतात. खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत) गाळ मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, तोंडाशी साचला तर भरती-ओहोटीचा निचराच बिघडतो. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूने: गोव्याचं खनिज ऑक्साइडचं आहे, गंधक अगदी थोडं, त्यामुळे तांब्याच्या किंवा काही कोळसा खाणींसारखं आम्लयुक्त पाणी हा इथला मोठा प्रश्न नाही. ज्यांनी गोव्याच्या खाणींना ‘ॲसिड’ लावलंय त्यांनीही थांबावं.

खाणी बंद झाल्या तरी शेतं का सुधारली नाहीत? कारण खाणी बंद झाल्या, डंप बंद झाले नाहीत. ते दर पावसाळ्यात वाहतच आहेत. शेतात आणि नदीच्या तळाशी बसलेला गाळही कोणी उचलला नाही.

राहिली माती कुठून आणायची ही चिंता. ती तिथेच आहे, डंपमध्ये. ढोबळ हिशोब करा. एक टन खनिज जमिनीत जेमतेम एक तृतीयांश घनमीटर जागा व्यापतं. अडीच टन माती-दगड जमिनीत सव्वा घनमीटर होते. खणल्यावर ते फुगून पंचवीस टक्के वाढतात, म्हणजे दीड घनमीटरच्या वर. काढलेला खड्डाही साधारण तेवढाच. खनिज विकूनही खड्डा जवळपास भरतो! अडचण आहे ती क्रमाची. पोर्तुगीज काळातल्या शंभर हेक्टरच्या आतल्या लहान लीजांमध्ये, खाली अजून खनिज आहे म्हणून खंदक भरायचा नाही आणि माती ठेवायला आत जागा नाही, असं करत डंप लीजच्या बाहेर गेले. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात लीजबाहेर माल टाकणं बेकायदा ठरवलं आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी ती करून देण्याची अट लीजमध्ये घालायला सांगितलं. उपाय माहीत आहे: एका टोकाचं खनिज तळापर्यंत काढून संपवायचं आणि दुसऱ्या टोकाची माती थेट त्यात टाकायची, म्हणजे डंप दोनदा हलवावा लागत नाही.

तो होत नाही, कारण न करणं स्वस्त पडतं. पूर्णपणे यांत्रिक खाणीसाठी खनिज संपल्यावर खाण नीट बंद करण्याच्या कामाची हमी म्हणून मालकाने ठेवायची रक्कम २०२१ मध्ये हेक्टरी तीन लाखांवरून पाच लाख झाली. दहा हेक्टरच्या आणि सरासरी चाळीस मीटर खोल खंदकात चाळीस लाख घनमीटर माती लागते. त्या खंदकापुरती हमी पन्नास लाख रुपये. घनमीटरला सव्वा रुपया. तेवढ्यात डंपरचं डिझेलही निघत नाही. हमी जप्त झाली तरी मालक फायद्यातच. पुढच्या जनसुनावणीला जाणार असाल तर दोन गोष्टी लेखी मागा: कोणत्या वर्षी कोणता खंदक किती भरणार याचं वेळापत्रक, आणि खाणीभोवतीच्या विहिरींच्या पातळीच्या दरमहाच्या नोंदी, खोदाई सुरू होण्याआधीपासूनच्या.