सूज उतरली म्हणजे किडनी बरी झाली असं नाही, काका

काका, नमस्कार. मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की मी एकीकडे म्हणते पोटातल्या बाळाच्या किडनीची सूज बहुतेकदा आपोआप उतरते आणि दुसरीकडे वर्षानुवर्षं तपासण्या करा म्हणते, म्हणजे नव्या आयांना उगाच घाबरवते. शिवाय तुमच्या नातवाचा वाल्व्ह (मुलग्यांच्या लघवीच्या वाटेत जन्मतःच असलेला, लघवी अडवणारा पडदा) जन्मल्यावर लगेच कापला, सूज गेली, रिपोर्ट नॉर्मल, विषय संपला. तुमचा राग कळतो, पण मी शब्द मागे घेणार नाही, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या बाळांबद्दल.

एकाच बाजूला थोडी सूज आहे, गर्भाच्या पिशवीतलं पाणी ठीक, मूत्राशय ठीक, अशा बाळाची जन्मानंतर 48 तासांनी सोनोग्राफी करायची (पहिले दोन दिवस लघवी कमी होते म्हणून सूज लपते), मग महिन्याभराने अजून एक, दोन्ही चांगल्या आल्या तर आईबापांनी खरंच निवांत राहावं. एमसीयू (मूत्राशयात नळीने औषध भरून काढायचा एक्स-रे) वगैरे प्रत्येक बाळाला लागत नाही, हे मी आधीही लिहिलंय.

पण मुलगा आहे, दोन्ही किडन्या सुजल्यात, मूत्राशयाची भिंत जाड आहे आणि पाणी कमी आहे, तिथे वाटेत हा पडदा असल्याची शंका येते, आणि गोष्ट वेगळी होते. किडनीतले फिल्टर साधारण 36व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर एकही नवीन होत नाही. पडदा कापला की लघवीची वाट मोकळी होते, पण पोटात असतानाच जे फिल्टर गेले ते परत येत नाहीत, आणि उरलेल्यांवर दहा जणांचं काम चौघांनी ओढायची वेळ येते. लहानपणी ते निभावून नेतात. मग मुलगा वयात यायला लागतो, अंग भरतं, आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा बीपी वाढतं, आणि घरचे म्हणतात इतकी वर्षं तर सगळं ठीक होतं.

आता रिपोर्ट नॉर्मलबद्दल. माझ्या मुलालाही हाच त्रास, म्हणून हे सांगते. राजवाड्याजवळच्या एका लॅबमधून त्याचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून टाकते) 0.9, शेजारी छापलेली रेंज 0.6 ते 1.2, म्हणजे कागदावर एकदम छान! पण ती रेंज मोठ्या माणसांची. आमच्या डॉक्टरांनी त्याला भिंतीला उभं करून उंची मोजली, 120 सेंटीमीटर, तिला 0.413 ने गुणलं, 0.9 ने भागलं, उत्तर आलं 55, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, जितका जास्त तितका चांगला. तेच क्रिएटिनिन 0.6 असतं तर 82 च्या वर गेलं असतं. एवढा फरक, आणि दोन्ही रिपोर्टांवर "नॉर्मल"च छापलेलं असतं. म्हणून उंची न मोजता कोणी लहान मुलाची किडनी छान आहे म्हणालं की मला धडकीच भरते.

मूत्राशयाचंही तसंच, वाल्व्ह गेला तरी ते जाड आणि हट्टीच राहतं, पूर्ण रिकामं होत नाही, दाब वर किडनीवर येतो. त्यात मुलं शाळेत सू रोखून धरतात आणि इंदूरच्या मे महिन्यात पाणीही कमी पितात. आमच्याकडे बाईंना सांगून ठेवलंय, मधल्या सुट्टीत त्याला आवर्जून पाठवा, आणि एकदा करून झाली की दोन मिनिटं थांबून परत एकदा कर, असं त्याला शिकवलंय.

तुम्ही असंही विचारलंय की मग बाळ पोटात असतानाच त्याच्या मूत्राशयात लघवी बाहेर काढणारी नळी का नाही घालत. हीच नळी तपासणारी, ब्रिटनमधून चाललेली प्लूटो ट्रायल 2013 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आली, गरोदर बायका फक्त 31 मिळाल्या म्हणून लवकर थांबवावी लागली. नळी घातलेली बाळं जास्त जगली असावीत असं दिसलं, पण चांगली किडनी घेऊन वाढलेली अगदी मोजकीच होती.

तर काका, सूनबाईंना जुनी फाइल काढायला सांगा आणि पहिल्या वर्षातलं सगळ्यात कमी क्रिएटिनिन किती होतं ते बघा. 0.8 च्या खाली असेल तर चांगलं लक्षण, 1 च्या वरच राहिलं असेल तर किडनीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि काहीही असलं तरी दरवर्षी उंची, लघवीतलं प्रोटीन आणि लहान मुलांच्या पट्ट्याने बीपी, एवढं चुकवू नका.