ईस्टवुडचं ऑस्कर नेमकं कशाचं?

हॉलिवूडचा नट-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडला 'अनफरगिव्हन'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, असा मजकूर त्याच्या फोटोसकट सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. अभिनयाचं स्पर्धात्मक ऑस्कर त्याला कधीच मिळालेलं नाही.

नामांकनं दोनदा मिळाली. 1993 च्या सोहळ्यात अल पचिनो जिंकला, 2005 मध्ये जेमी फॉक्स. पण गंमत अशी की त्या दोन्ही रात्री ईस्टवुड दोन-दोन बाहुल्या घेऊन घरी गेला. एक दिग्दर्शनाची, दुसरी निर्माता म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची. चित्रपट होते 'अनफरगिव्हन' आणि 'मिलियन डॉलर बेबी'. घोटाळा बहुधा इथेच होतो, कारण दोन्हींत मुख्य भूमिका त्याचीच.

आणि ती भूमिका बघाच. एरवी पडद्यावर चिरूट चावत, डोळे बारीक करून गोळ्या झाडणारा हा नट 'अनफरगिव्हन'च्या सुरुवातीला डुकरांमागे धावताना चिखलात आपटतो, घोड्यावरही त्याला धड बसता येत नाही. माझ्या मते ते बक्षिसाच्या तोडीचं काम होतं. पण मिळालं नाही ते नाहीच.

'म्हातारपणी दिग्दर्शनाकडे वळला' हेही खरं नाही. त्याने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 1971 चा, तेव्हा त्याने नुकतीच चाळिशी ओलांडली होती.