बदलून बघू, बदलून बघू! अरे आधी नळी लावून बघा ना

"बदलून बघू" हे शब्द परत कुणी माझ्यासमोर काढले तर डोकंच फिरणार आहे माझं. गाडी सकाळी चालू होईना म्हणून गॅरेजवाल्यांच्या मागे दीड महिना गेला, १८ हजार गेले, आणि शेवटी निघालं काय, तर एक रबराची ओ-रिंग. वीस रुपयांची.

माझी पिकअप आहे, डिझेल, कॉमन रेलवाली, म्हणजे पंप एका जाड पाईपात, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून नोझल ते इंजिनात फवारतात. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून कल्याणवरून वाशी, आणि सकाळी रिकामी गाडी परत. जूनमध्ये सर्व्हिसिंग केली, ऑइल, डिझेल फिल्टर, सगळं. चार दिवस नाही झाले तोवर त्रास सुरू. रात्रभर उभी राहिली की सेल्फ मारत बसा, पंधरा पंधरा सेकंद, मग कशीतरी फुरफुरत चालू होणार, अर्ध्या मिनिटात बंद, परत सेल्फ. एकदा नीट चालू झाली की मग दिवसभर हाफ सेल्फला उठते. पण रिकामी परत येताना माळशेज चढायला लागली की झटके, पाय पूर्ण दाबला तरी उचलत नाही, आणि दोनदा तर ऐन वळणावर बंद पडली, पाऊस, धुकं, समोरचं काही दिसत नाही आणि मागे एसटी. मी खाली उतरून भिजत डिझेल फिल्टरवरचा हँड पंप दाबतोय. घरी दोन लहान पोरं आहेत माझी, हे त्या गॅरेजवाल्यांना कसं सांगायचं?

आता यांचा इलाज ऐका. पहिला म्हणाला बॅटरी बसलीय, नवीन टाकली, ६,२००. फरक शून्य. मग म्हणे सेल्फ वीक आहे, खोलून केला, २,८००. फरक शून्य. मग दुसऱ्या गॅरेजला, तिथे स्कॅनर लावला, कोड आला पी ००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी. बरोबर आहे ना, कमीच असणार! रेलमध्ये साधारण दोनशे बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) जमल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही, आणि टाकीकडून येणाऱ्या लाईनीत हवा असेल तर रेल भरणारा पंप दाबणार काय, हवा? पण कोड फक्त प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही, ते शोधायचं काम माणसाचं आहे. त्याने शोधलं नाही. चारही नोझल काढले, टेस्टिंग, क्लिनिंग, ९,०००. रिपोर्टमध्ये चारही चांगले. मग मान हलवत म्हणतो, पंप गेलाय, ४२ हजार होतील, "बदलून बघू".

बघू म्हणजे? माझ्या ४२ हजारांवर तू बघणार?

आणि त्याच गॅरेजला एक पोरगा गाडी चालू असताना नोझलच्या पाईपचा नट ढिला करायला निघाला होता, जुन्या गाड्यांना करायचे तसं. मी ओरडलो तेव्हा थांबला. कॉमन रेलमध्ये चालू गाडीला शेकडो बार प्रेशर असतं, लोडवर हजाराच्या वर जातं, ती डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, बोट कापायची वेळ येते. कुणी शिकवलंच नाही त्याला. त्याच्यावर राग नाही माझा, त्याच्या मालकावर आहे.

राग ह्याचा जास्त येतो की सगळी लक्षणं समोर होती. घरासमोर चढ आहे, नाक वर करून लावली की सकाळी हमखास त्रास, उलटी लावली की कमी. टाकी अर्ध्याखाली गेली की जास्त त्रास, फुल असली की कमी. घाट चढताना झटके, उतरताना काही नाही. अरे टाकी मागे खाली, पंप पुढे वर, नाक जेवढं वर जाईल तेवढं डिझेल जास्त ओढून घ्यावं लागतं, आणि रात्री कुठूनतरी हवा शिरली की लाईनीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, सकाळी पाईप रिकामा. हे मी दोन्ही गॅरेजमधल्या मिळून चौघांना सांगितलं. चौघांनीही खाली वाकून बघितलं आणि तेच म्हणाले, "लीक कुठंय? थेंब तर दिसत नाही."

थेंब दिसणारच नाही! टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढणारी आहे, आत बाहेरच्यापेक्षा कमी प्रेशर, त्यामुळे गाडी चालू असताना भोकातून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत आणि तरी लीक. आमच्याकडे ट्रॅक्टर डिझेल संपून बंद पडला तर दहावीतलं पोरगं फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून लिव्हर मारतं, फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळतं. एअर काय असते हे शेतातल्या पोराला कळतं आणि लाखाचा स्कॅनर लावणाऱ्याला कळत नाही?

शेवटी मीच केलं. रविवारी ४० रुपयांची पारदर्शक नळी आणली, दोन क्लिपा, फिल्टर आणि पंपाच्या मधे जोडली, हँड पंप दाबून एअर काढली, गाडी चालू केली. आणि आले! साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागे एक, थांबायचं नाव नाही. फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला थोडे येतात आणि जातात, ते वेगळं. हे दहा मिनिटं झाली तरी चालूच. मग तीच नळी काढून टाकी आणि फिल्टरच्या मधे लावली. एकही बुडबुडा नाही, मधासारखं स्वच्छ डिझेल. म्हणजे टाकी बरोबर, मागचा पाईप बरोबर, हवा फिल्टरवरच शिरतेय. अर्धा तास लागला मला एवढं कळायला. दीड महिना नाही, अर्धा तास.

पुढचं म्हणजे नक्की कुठून. फिल्टरला इकडचा जोड, तिकडचा जोड, वर हँड पंप, खाली डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर. टाकीकडचा पाईप काढून डिझेलच्या कॅनमध्ये टाकला आणि कॅन शेडच्या अँगलला टांगला, बॉनेटच्या वर हातभर. गाडी बंद. आता ओढायचा प्रश्नच नाही, उंचीमुळे डिझेल आपोआप फिल्टरवर दाब देतंय, म्हणजे जिथून हवा आत जात होती तिथून आता डिझेल बाहेर यायला पाहिजे. सगळं फडक्याने कोरडं पुसलं आणि टॉर्च घेऊन बसलो. वीसेक मिनिटांनी सेन्सरच्या कडेला ओल दिसली, बोट फिरवलं, वास घेतला, डिझेल. सेन्सर खोलला तर आतली ओ-रिंग एका बाजूला चपटी आणि एके ठिकाणी चिरलेली, नखात बसेल एवढी चीर. सर्व्हिसिंगला फिल्टर नवीन टाकला, सेन्सर जुन्यातून काढून नव्याला लावला, आणि रिंग तीच जुनी, कोरडीच पिळून बसवली. नवीन टाकायची, डिझेलचं बोट लावून हाताने बसवायची, एवढंच काम होतं. सर्व्हिसिंगचे पैसे मी दिले नव्हते का?

चौघांपैकी एकानेही विचारलं नाही की त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काय खोललं होतं. एक प्रश्न. डॉक्टरसुद्धा विचारतो बाहेरचं काही खाल्लंत का.

त्या दीड महिन्यात तीनदा वाशीला उशीर झाला. ज्याचा माल होता तो शेतकरी माझ्याच गावचा, क्रेटमागे भाव तुटला तो त्याचा तुटला, फोनवर काही बोलला नाही पण पुढच्या खेपेला दुसरी गाडी लावली त्याने. ते कुठल्या बिलात धरू?

पहिल्या गॅरेजला ती रिंग घेऊन गेलो, टेबलावर ठेवली. तो म्हणतो, "होतं असं कधी कधी, रबर आहे." माझी चांगली बॅटरी काढून घेतलेली, ती परत दे म्हटलं तर म्हणे भंगारात गेली.

रिंग बदलून आठवडा झाला. रात्रभर नाक वर करून उभी करतो मुद्दाम, सकाळी हाफ सेल्फला उठते. आणि काल ओतूरच्या मावसभावाचा फोन, त्याच्या गाडीला सकाळी चालू व्हायला त्रास, माझ्या त्याच दुसऱ्या गॅरेजने त्यालाही सांगितलंय पंप गेलाय म्हणून. त्याला म्हटलं एक रुपया देऊ नकोस, गाडी उचलून घरी आण, मी नळी घेऊन येतो.