टेलपर्यंत पाणी

पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला एक तक्रार झोपेतही ऐकू येते: ‘साहेब, टेलला पाणी पोचत नाही.’ धरण काठोकाठ भरलेलं असतं, मुख्य कालवा तुडुंब वाहत असतो, आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी कोरड्या वाफ्यात उभा राहून खात्याचा उद्धार करत असतो. उभी नोकरी मी ही तक्रार वहीत लिहून घेतली आणि ‘पाहणी करून कळवतो’ असं उत्तर दिलं. निवृत्तीनंतर तीच तक्रार माझ्या शरीराने माझ्याकडे नोंदवली, आणि पाहणी करायला दुसरं कोणी नव्हतं.

कारण साखर. ती आमच्या घरात मुलांपेक्षा जुनी. युरोलॉजिस्टने कागदावर रेघा मारून समजावलं, की इंद्रियाच्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चारच्या. गाळ धरायला लागला की बारीक नळी आधी बुजते. म्हणजे चारी आज गेली, कालवा उद्या जाईल. ‘तेव्हा आधी हृदय तपासून या, मग हे बोलू.’ इतकं आमच्या खात्याच्या भाषेतलं निदान मला कुठल्याच दवाखान्यात मिळालं नव्हतं. हृदय पास झालं.

गोळ्यांचा काळ मी थोडक्यात आटोपतो. ती निळी गोळी, व्हायग्रा, छातीच्या दुखण्यावर औषध शोधताना हाती लागली आणि 1998 साली अमेरिकेत मंजूर झाली, हे मला तोंडपाठ झालं, पण ती साताऱ्यात विकत घ्यायची हिंमत झाली नाही. आमचा मेडिकलवाला हिचा माजी विद्यार्थी. ही गणित शिकवायची, त्यामुळे महिन्याला गोळ्या किती आणि आवर्तनं किती, हा हिशेब त्याने दुकानातच मांडला असता. मी कऱ्हाडला जाऊन आणायचो. काही काळ पाणीपाळी सुरळीत चालली, मग गोळीही हात टेकून बसली. इंजेक्शन झालं. व्हॅक्यूमचा पंप झाला. तो कपाटात लपवायला जी जागा शोधावी तिथे आधीच हिच्या भिशीचे पैसे असायचे. शेवटी डॉक्टरांनी टेबलावर मॉडेल ठेवलं.

दोन लवचिक नळकांडी, एक छोटी टाकी, एक पंप आणि जोडनळ्या. नळकांडी इंद्रियात, टाकी ओटीपोटात मूत्राशयाशेजारी, पंप खाली वृषणकोशात. पंप दाबत गेलं की टाकीतलं सलाइन नळकांड्यांत चढतं. झडप दाबली की परत टाकीत. 1973 साली ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट नावाच्या सर्जनने ही रचना जगापुढे आणली. मी मॉडेल उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो, ही तर उपसा सिंचन योजना!’ कोयनेचा साठा 105.25 टीएमसी, इथला शंभर मिलिलिटरच्या आसपास, एवढाच काय तो फरक. आणि ही योजना टेलपर्यंत पाणी नेते, हा दुसरा.

दुसरा स्वस्त प्रकारही होता: नुसत्या वाकवता येणाऱ्या दोन कांड्या. बिघडायला काही नाही, आणि मुंबईच्या डॉ. रूपिन शहांमुळे तर त्या भारतीय बनावटीच्याही मिळतात. पण त्या कायम ताठच राहतात, फक्त गरजेप्रमाणे वर किंवा खाली वळवायच्या. घरात लेंगा घालून वावरणाऱ्या माणसाने तो धोका पत्करू नये असं मला वाटलं. मेडिक्लेमवाल्यांनी नकार कळवला. आकडा ऐकून ही म्हणाली, ‘एवढ्यात किचनचा ओटा आणि सोलर दोन्ही झालं असतं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘ओट्याचं काय, आहे तो चालतोय.’ आमच्या लग्नात प्रशासकीय मंजुरी अशीच मिळते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी खाली आल्याशिवाय हात लावणार नाही. जंतुसंसर्ग झाला तर सगळी योजना उपसून काढावी लागते. अपेक्षाही आधीच छाटल्या: इच्छा आणि संवेदना आहे तशी राहील, लांबी वाढणार नाही, उलट थोडी कमीच भासेल. म्हणजे धरणाची उंची वाढवायला मंजुरी नाही. आणि एकदा हे बसलं की जुना नैसर्गिक प्रवाह कायमचा बंद. तो तसाही बंदच होता, त्यामुळे पुनर्वसनाचा प्रश्न आला नाही.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. मी जागा होतो, पण पडद्यापलीकडे काय चाललंय हे न विचारण्याइतका शहाणा होतो. रक्त साचू नये म्हणून नळकांडी पहिला दिवसभर अर्धवट भरलेली ठेवतात. कित्येक वर्षांनी जे दृश्य पाहायला मी एवढा खर्च केला, ते मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा शेजारी लघवीची नळी, ड्रेनची बाटली आणि केरळची एक नर्स होती, जिने माझ्याकडे पाहण्याआधी बाटलीतले मिलिलिटर पाहिले.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. मग सूज सुरू झाली. तिच्या आकाराबद्दल मी काही बोलणार नाही. रंग निळा-जांभळा होता आणि चालताना मी दोन पायांतलं अंतर राखून चालत होतो, एवढं पुरे. पुण्याहून येताना गाडी खंबाटकी घाटात लागली. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा मिळायचा, येताना वळणं, हा अन्याय मला तोवर कधी जाणवला नव्हता. रम्बलरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या आल्या की मी दोन्ही हातांनी सीटवर शरीर उचलून धरायचो. ही ड्रायव्हरला म्हणाली, ‘दादा, पोटातलं पाणी हलता कामा नये असं चालवा.’ तो बिचारा ‘हो काकू’ म्हणाला.

घरी पोचल्यावर खरा त्रास सुरू झाला. आमच्याकडे मूतखडा झालेला माणूस खडा डबीत घालून दाखवतो, बायपासवाला शर्टाची बटणं काढतो, मूळव्याधीवर लग्नाच्या पंगतीत चर्चा होते. मला मात्र ऑपरेशनला नाव शोधावं लागलं. आम्ही दोघांनी मिळून ‘हर्निया’ ठरवलं. जागा साधारण तीच, आणि वजन उचलायला बंदी असल्याने गॅसच्या सिलिंडरचंही स्पष्टीकरण आपोआप मिळालं.

पण साताऱ्यात हर्निया झाला नाही असं घर नाही. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे आप्पा मधुमेही माणसासाठी कंदी पेढे घेऊन आले.

‘दुर्बिणीतून, का चिरून?’

‘चिरून.’

‘जाळी टाकली का?’

‘टाकली.’

‘आपल्याकडची का बाहेरची?’

‘अमेरिकन,’ मी म्हणालो. निदान एवढं तरी खरं सांगता आलं.

‘किती वर्षं टिकते म्हणाले?’

‘दहा-पंधरा वर्षं.’

आप्पा पेढा हातात धरून थांबले. ‘माझी तर मरेपर्यंतची आहे. आणि सरकारी दवाखान्यातली. तुम्हाला फसवलं, साहेब.’ पुढे पंचाहत्तरीच्या घरात आल्यावर मला पुन्हा कापणार, या कल्पनेने ते इतके हळहळले की डॉक्टरांवर ग्राहक मंचात जायचा सल्ला देऊनच उठले. दुसऱ्या दिवशी आमच्या मामी येऊन म्हणाल्या, ‘हर्नियाला बर्फ?’ मी म्हटलं, नवीन पद्धत आहे.

बर्फ म्हणजे फ्रीजरमधली मटारची पाकिटं. ती टॉवेलात गुंडाळली की अंगाप्रमाणे वळतात, बर्फाचे खडे टोचतात. हिने त्यांतल्या दोन पाकिटांवर मार्करने ठळक लिहिलं, ‘खायचे नाहीत’. भाची आली होती, तिने फ्रीजर उघडून विचारलं, ‘मावशी, मग आणलेत कशाला?’ हिने वर्गात पोरांकडे पाहायची तशी तिच्याकडे पाहिलं. विषय संपला.

दिवसभर पाठीवर पडून वाचायचं काम होतं. इंद्रिय पोटाकडे वर वळवून घट्ट चड्डीत ठेवायचं अशी सूचना असल्यामुळे कुशीवर वळायची सोय नव्हती. त्या काळात जाइल्स ब्रिंडली या इंग्रज शास्त्रज्ञाची हकीकत वाचली. 1983 साली लास वेगासला युरोलॉजिस्टांच्या परिषदेत याने व्याख्यान दिलं. हॉटेलच्या खोलीत स्वतःला इंजेक्शन टोचून घेतलं, ट्रॅकसूट घालून मंचावर आला, स्लाइड दाखवून झाल्या, आणि औषधाने काम केलंय याची खात्री पटावी म्हणून सभागृहासमोर विजार खाली केली. तेवढ्यावर न थांबता, तपासून बघा म्हणत श्रोत्यांकडे निघाला. मी हे वाचत असताना दाराची बेल वाजली आणि मी मटारचं पाकीट पांघरुणाखाली खोल सरकवलं. विज्ञानाची प्रगती माझ्यासारख्यांच्या हातून होणार नव्हती.

सूज उतरल्यावर गृहपाठ सुरू झाला. रोज गरम पाण्याच्या अंघोळीत तो पंप बोटांनी धरून हळूच खाली ओढायचा. नाहीतर तो वर सरकून अवघड जागी बसतो आणि पुढे हाताला सापडत नाही. दुखतं. मी बाथरूममध्ये ‘हं… हं…’ करत असे आणि बाहेर ही कालनिर्णयवर त्या तारखेला बरोबरची खूण करत असे. खूण राहिली तर जेवायच्या आधी विचारणा.

सहाएक आठवड्यांनी डॉक्टरांनी योजना कार्यान्वित करायला बोलावलं. जोडीदाराने यावं असा त्यांचा आग्रह असतो. ही वही घेऊन आली. पंप दाबायचं मला लगेच जमलं, त्यात काही नाही, नोकरीच ती केली. रिकामं करायची झडप काही सापडेना. मी कपाळाला घाम येईपर्यंत चाचपडत होतो आणि डॉक्टर संयमाने ‘थोडं वर, थोडं वर’ म्हणत होते. शेवटी हिने हात पुढे केला, पहिल्याच दाबाला झडप उघडली आणि पाणी परत टाकीत गेलं. ‘धरणावर होतात ना?’ एवढंच म्हणाली. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. ते हसत होते हे खांद्यांवरून कळत होतं.

बाकी काय, ते आमचं आम्ही बघू. पाणी पोचतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या अंदाजाबाहेरची घडली. सकाळी फिरायला येणाऱ्यांतले नाना, माझ्याइतकीच जुनी साखर बाळगणारे, समाचाराला आले तेव्हा गप्प बसून होते. महिन्याभराने त्यांनी मला मुद्दाम घरी चहाला बोलावलं. बिनसाखरेचा चहा झाला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, ‘तुमचा हर्निया… साखरेमुळे झाला होता का?’

मी त्यांच्याकडे पाहिलं. ‘हो,’ मी म्हणालो.

‘माझाही तसाच असावा.’

मी डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांनी तो मोबाइलमध्ये घातला आणि नाव टाइप केलं, ‘हर्निया पुणे’. मी म्हटलं, ‘पण नाना, जायच्या आधी हृदय तपासून घ्या.’

‘हर्नियाला हृदय कशाला?’ आतून वहिनींचा आवाज आला.